रोलर कुठे वाकतो, कुठे तुटतो : जळगावच्या एका भट्टीचा प्रकरण अभ्यास

जळगावच्या औद्योगिक वसाहतीचे नाव निघाले की डाळ, चटई, पाइप आणि ठिबक यांची आठवण होते. परंतु कापूस आणि केळीच्या काळ्या रानात चालणाऱ्या अवजारांचे सुटे भाग घडवणारे लहान-मोठे कारखानेही खान्देशात आहेत. नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, कल्टिव्हेटरचे फण हे भाग घडवून झाले की त्यांना कडकपणा आणण्यासाठी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात विझवावे लागते. असे काम सलग करणाऱ्या एका कारखान्यातील भट्टीच्या रोलरांचे हे प्रकरण आहे. कारखान्याचे नाव येथे दिलेले नाही. रोलरांची मापे आणि त्यांवरून केलेला हिशेब मात्र पूर्ण दिला आहे, कारण अशा भट्ट्या चालवणाऱ्यांना उपयोग व्हायचा तो त्याचाच.

भट्टी रोलर हार्थ प्रकारची आहे, म्हणजे तिचा तळच फिरत्या रोलरांचा आहे. आतली रुंदी १,२०० मिमी असून दोन्ही बाजूंना ३०० मिमी जाडीच्या भिंती आहेत. ३०० मिमी अंतराने २४ रोलर बसवलेले आहेत. त्यांवरून ८७० मिमी लांब आणि १,१०० मिमी रुंद असे ट्रे एकामागून एक हळूहळू सरकतात. मालासह एका ट्रेचे वजन ४५० किलो भरते. दाराजवळचा पहिला भाग ७८० अंशांवर, मधला ८८० वर आणि शेवटचा ९३० वर राखला जातो. पूर्वी ही भट्टी फर्नेस ऑइलवर चालत असे. आता ती एलपीजीवर चालते. हा तपशील वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे आणि पुढे तो निर्णयात आला.

प्रत्येक रोलर पोकळ असून त्याचा बाहेरचा व्यास १५० मिमी आणि भिंत १२ मिमी जाड आहे. अंग केंद्रोत्सारी पद्धतीने, म्हणजे साचा वेगाने फिरवून ओतलेले आहे. दोन्ही टोकांना निमुळते ओतीव भाग वेल्ड केलेले आहेत आणि त्यांतून निघणारे ६० मिमीचे शाफ्ट भिंतीबाहेरच्या बेअरिंगांवर टेकतात. दोन बेअरिंगांमधील अंतर २,००० मिमी आहे. अंग आणि टोके दोन्हींचा धातू एचके-४० होता. त्यात सुमारे २५ टक्के क्रोमियम, २० टक्के निकेल आणि ०.४ टक्के कार्बन असतो आणि भट्टीच्या कामात तो अनेक दशके रुळलेला आहे.

तक्रार आणि पुरवठादाराचा उपाय

तक्रार दुहेरी होती. काही रोलर वाकत. वाकलेला रोलर फिरताना ट्रेला उचलतो आणि आपटतो, त्यामुळे ट्रे तिरका होऊन भिंतीला घासतो. काही रोलर मात्र अंगाने सरळ राहूनही टोकापाशी तुटत. दोन्ही प्रकार उन्हाळ्यात वाढत, म्हणून कारखान्यात असा समज पक्का झाला होता की बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की भट्टीवर आणि रोलरांवर ताण येतो.

रोलर पुरवणाऱ्याने एकच उपाय सुचवला होता: सर्व २४ रोलर एचपी जातीच्या, म्हणजे २५ टक्के क्रोमियम आणि ३५ टक्के निकेल असलेल्या, निओबियमयुक्त मिश्रधातूचे घ्यावेत, आणि पैसे एकदम उभे राहत नसतील तर निदान सर्वांत तापणाऱ्या शेवटच्या भागात तरी ते आधी बसवावेत. निकेल हा या मिश्रधातूंतील महागडा घटक आहे, त्यामुळे २० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर जाणे ही खर्चाची मोठी उडी ठरते. मालकांनी विचारलेला प्रश्न सरळ होता: एवढा खर्च केला तर रोलर टिकतील का?

या प्रश्नाचे उत्तर धातूच्या तक्त्यात मिळणार नव्हते. आधी हे पाहणे आवश्यक होते की चोवीसपैकी नेमका कोणता रोलर जातो आणि तो कुठे जातो.

नोंदींतून काय दिसले

देखभाल विभागाकडे रोलर बदलल्याची वही होती. तीत रोलरचा क्रमांक लिहिलेला असे, मात्र तो वाकला की तुटला हे दर वेळी लिहिलेले नव्हते. भंगारात पडलेले रोलर तपासून आणि भट्टीवरच्या माणसांना विचारून ती उणीव बरीचशी भरून काढली. जे चित्र उभे राहिले ते पुरवठादाराच्या अंदाजाच्या उलट होते. वाकलेले रोलर बहुतांशी दारापासूनच्या पहिल्या आठांतले, म्हणजे भट्टीच्या सर्वांत थंड भागातले होते. ९३० अंशांच्या भागातील रोलर वाकण्याचे प्रमाण कमी होते. टोकाशी तुटलेले रोलर मात्र सगळ्याच भागांत सापडले, आणि त्यांच्या नोंदी बहुधा साप्ताहिक सुट्टीनंतरच्या दिवसाच्या होत्या. याचा अर्थ असा की भट्टी थंड करून पुन्हा पेटवताना ती तूट घडत होती, किंवा निदान तेव्हा उघडकीस येत होती.

अमळनेरकडचे एक जुने भट्टीवाले आहेत. कारखान्यात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. वाकण्याबद्दल त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "लाइट गयी का रोलर उभा राही जास, मंग तो वाकडा व्हई जास." देखभाल विभागाने हे ऐकून घेतले होते, पण लिहून ठेवले नव्हते. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वादळी वारे सुटतात, केळीच्या बागा आडव्या होतात आणि त्याच तासात विजेच्या तारांवरही झाडे पडतात. उन्हाळा आणि रोलर यांचा संबंध येथे होता. बाहेरच्या तापमानापेक्षा वीज जाण्याशी तो अधिक होता.

वजनाचा हिशेब

रोलर वजनाने वाकतो हा सर्वसाधारण समज आहे, म्हणून तो हिशेबाने तपासून पाहणे गरजेचे होते. ट्रे बहुतेक वेळा तीन रोलरांवर असतो, पण त्याची लांबी ८७० मिमी असल्यामुळे सरकताना मधूनमधून तो दोनच रोलरांवर येतो. तीन रोलरांवर असताना प्रत्येकावर १५० किलो भार येतो. रोलरचे स्वतःचे वजन दर मीटरला सुमारे ४० किलो आहे. या दोन्हींमुळे मध्यभागी येणारा वाकवणारा घूर्ण (बल गुणिले अंतर, म्हणजे वाकवण्याचा जोर) अंदाजे ७३० न्यूटन-मीटर होतो. रोलरच्या कडेवरील ताण त्यावरून केवळ ४.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर निघतो. ट्रे दोनच रोलरांवर असला, म्हणजे एका रोलरवर २२५ किलो आले, तरी तो ६ च्या आसपासच राहतो.

एचके-४० साठी हा ताण फार कमी आहे. ९८० अंशांवरसुद्धा हा धातू याच्या दुप्पट ताण दीर्घकाळ सोसतो, आणि येथील रोलर तर त्याहून बऱ्याच थंड भागात वाकत होते. शिवाय फिरत्या रोलरची वरची बाजू थोड्या वेळाने खाली येते, म्हणून एका दिशेला साचू पाहणारा वाक उलट दिशेने भरून निघतो. तेव्हा वजन हे कारण धरले तर वाकलेल्या रोलरांचे स्पष्टीकरण मिळत नाही, आणि अधिक ताकदीचा धातू घेण्याचा मुख्य आधारही सुटतो.

थांबलेल्या रोलरचे तापमान

दुसरी शक्यता अशी होती की वाक तापमानातील फरकामुळे येत असावा. दाराजवळच्या भागात ट्रे नुकताच आत आलेला असतो आणि त्याच्यावरचा माल थंड असतो. रोलर फिरत असेल तर हा थंडावा त्याच्या संपूर्ण परिघावर वाटला जातो. रोलर थांबला तर वरची बाजू थंड ट्रेला चिकटून राहते आणि खालची बाजू तापलेल्या विटांच्या तळासमोर उघडी राहते. खालची बाजू लांबते, वरची आखडते आणि रोलर खालच्या बाजूला पोटाळतो.

हे प्रत्यक्ष मोजून पाहिले. एका रोलरच्या पोकळीत, एकमेकांच्या बरोबर समोर, दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) बसवून त्यांच्या तारा शाफ्टमधील छिद्रातून बाहेर काढल्या. रोलर असा थांबवला की एक थर्मोकपल बरोबर वर आणि दुसरे बरोबर खाली राहावे, आणि मग थंड ट्रे त्यावर आणून ठेवला. दोन्ही वाचने सुरुवातीला जवळजवळ सारखी होती. पुढे वरचा आकडा झपाट्याने उतरू लागला आणि खालचा जवळपास जागेवरच राहिला. दहा मिनिटांच्या आत दोहोंतील फरक सुमारे ६० अंशांवर पोहोचला.

या फरकाचे दोन परिणाम आहेत. एचके-४० चा प्रसरण गुणांक या तापमानांना सुमारे १८ दशलक्षांश प्रति अंश आहे. त्यानुसार १,२०० मिमी तापलेल्या लांबीत आणि १५० मिमी व्यासात ६० अंशांचा फरक पडला तर मध्यभागी सुमारे १.३ मिमी वाक येतो. एवढाच परिणाम असता तर रोलर पुन्हा फिरू लागल्यावर तो सरळ झाला असता. दुसरा परिणाम मात्र टिकून राहतो. तापमान व्यासावर एकसारखे उतरत नाही. ट्रे टेकतो त्या पट्ट्यात ते एकदम कोसळते, आणि शेजारचा गरम धातू त्या पट्ट्याला मोकळेपणी आखडू देत नाही. ६० अंशांचे आकुंचन पूर्णपणे अडवले गेले तर निर्माण होणारा ताण सुमारे १२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतका असतो. प्रत्यक्षात त्याचा चौथा हिस्सा अडला असे धरले तरी तो ३० होतो, म्हणजे वजनाने येणाऱ्या ताणाच्या जवळजवळ सातपट. ७८० अंशांवर असा ताण धातूत हळूहळू विरतो, आणि विरताना रोलरला थोडा कायमचा वाक देऊन जातो. प्रत्येक वेळी वीज गेली की त्यात भर पडत जाते.

याला आणखी एका गोष्टीची जोड होती, आणि ती पाहायला भट्टीच्या बाहेर, बेअरिंगांपाशी वाकून बसावे लागले. रोलरचे एक टोक चालना देणाऱ्या बाजूला घट्ट असते आणि दुसरे प्रसरणासाठी मोकळे ठेवतात. आतला १,२०० मिमी भाग आणि भिंतीतून जाणारे दोन्ही भाग मिळून रोलर थंडपासून पूर्ण तापेपर्यंत अंदाजे २४ मिमी लांबतो. भट्टी थंड असताना मोकळ्या बाजूच्या प्लमर ब्लॉकवर (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या, बोल्टने बसवलेल्या ठोकळ्यावर) आणि त्याच्या बैठकीवर रंगाची एक रेघ मारून ठेवली आणि भट्टी तापल्यावर दोन रेघांमधील अंतर पाहिले. काही रोलरांत ते अपेक्षेइतके होते. वाकलेल्या रोलरांत मात्र ते निम्म्याहून कमी होते आणि दोन ब्लॉक तर जागचे हललेच नव्हते. चौकशी केल्यावर कारण कळले: वाकलेला रोलर फिरताना ब्लॉक थडथडतो, थडथड थांबावी म्हणून देखभाल करणारा बोल्ट करकचून आवळतो, आवळलेला ब्लॉक सरकत नाही आणि लांबू न शकलेला रोलर आणखी वाकतो. बैठकीवर उडून पडणारी स्केल (तापलेल्या धातूवरची ऑक्साइडची खपली) आणि उष्णतेने घट्ट झालेले ग्रीस यांची त्यात भर होतीच.

टोकाची तूट

तुटलेल्या रोलरांचे टोक कापून पाहिले. तडा दर वेळी एकाच ठिकाणी होता: अंग आणि निमुळते टोक यांच्या वेल्डच्या कडेला, टोकाच्या बाजूने. मूळ रचनेत हा जोड भिंतीच्या जाडीत साधारण मध्यावर येत होता. भिंतीच्या आतल्या तोंडाशी ९०० अंशांच्या आसपास आणि बाहेरच्या तोंडाशी दीडशेच्या आसपास तापमान असते. ३०० मिमीत साडेसातशे अंश उतरतात, म्हणजे दर मिलिमीटरला अडीच अंश. अशा चढावर १२ मिमीच्या भिंतीवरून एकदम जाड ओतिवावर जाणारी पायरी आणि तिच्यात वेल्डची खाच असे दोन्ही एकाच जागी आणले होते. रेखाटन करणाऱ्याने मोजणी सोयीची जावी म्हणून अंग १,५०० मिमीचे धरले असावे. त्यामुळे जोड नको तिथे गेला.

याहून खोल कारण धातूच्या आत होते. २५-२० जातीचे मिश्रधातू साधारण ६५० ते ९०० अंशांच्या दरम्यान दीर्घकाळ राहिले की त्यांच्यात सिग्मा नावाचा लोह-क्रोमियमचा कठीण आणि ठिसूळ घटक वाढू लागतो. गरम असताना तो फारसा त्रास देत नाही. थंड झाल्यावर मात्र धातूची लवचीकता हरपते. भट्टीच्या कोणत्याही भागातला रोलर असो, त्याच्या टोकाचा काही हिस्सा भिंतीत याच पट्ट्यात अडकलेला असतो. प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत टोकाच्या नमुन्यात सिग्मा स्पष्ट दिसला. त्याच टोकाचा तुकडा ऐरणीवर ठेवून हातोडा मारला तेव्हा तो न वाकता तुटला आणि तुटलेला चेहरा दाणेदार होता. साप्ताहिक सुट्टीत भट्टी निवली की ठिसूळ झालेल्या टोकावर आकुंचनाचा ताण येतो; सुट्टीनंतरच तूट का दिसते याचे उत्तर येथे मिळाले.

यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघाला. दाराजवळच्या भागातील रोलरांचे अंगही ७८० अंशांवर, म्हणजे सिग्माच्या पट्ट्यातच काम करत होते. ९३० अंशांवरचे अंग मात्र त्या पट्ट्याच्या बाहेर होते. तापमान जास्त तिथे धातू भारी हा नियम या भट्टीला लावता येत नव्हता. भारी धातूची गरज थंड भागाला आणि टोकांना अधिक होती.

धातूचा निर्णय

३५ टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूत सिग्मा व्यवहारतः होत नाही. त्यामुळे सर्व रोलरांची निमुळती टोके एचपी जातीची आणि दाराजवळच्या पहिल्या आठ रोलरांची अंगेही त्याच जातीची घ्यावीत, उरलेल्या सोळा रोलरांची अंगे एचके-४० चीच ठेवावीत, असे ठरले. टोकांचे वजन एकूण रोलरच्या मानाने कमी असल्यामुळे खर्चाची वाढ पुरवठादाराच्या मूळ प्रस्तावापेक्षा बरीच कमी राहिली.

हा निर्णय इंधनावर अवलंबून होता. फर्नेस ऑइलमध्ये गंधक असते, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या धुरात गंधक निकेलशी संयोग पावून सुमारे ६४० अंशांना वितळणारे मिश्रण तयार करते. तेलातील व्हॅनेडियमचे ऑक्साइडही ७०० अंशांच्या आतच वितळते आणि धातूवरचे संरक्षक आवरण खाते. भट्टी अजूनही तेलावर असती तर निकेल वाढवण्याचा सल्ला मी दिला नसता, किंवा दिलाच असता तर बर्नरना भरपूर जादा हवा देण्याच्या अटीवर दिला असता. इंधन बदलणाऱ्या कारखान्यांनी रोलर मागवताना ही गोष्ट पुरवठादाराला आवर्जून सांगावी.

एचके-४० च्या अंगांसाठीही मागणीत रासायनिक मर्यादा आवळून घेतल्या: निकेल मानकाच्या वरच्या बाजूला, क्रोमियम खालच्या बाजूला, कार्बन ०.४ च्या वर आणि सिलिकॉन १ टक्क्याच्या आत. मानकाच्या मोठ्या पट्ट्यात बसणारा प्रत्येक ओतीव सिग्माच्या दृष्टीने सारखा नसतो. सिलिकॉन जास्त असले की ओतकाम सोपे जाते, म्हणून ओतशाळेचा कल तिकडे असतो. खरेदी करणाऱ्याने मर्यादा लिहून दिली नाही तर हा कल कोणी रोखत नाही.

सिरॅमिक रोलरांचाही विचार झाला. टाइल्सच्या भट्ट्यांत अॅल्युमिना-म्युलाइटचे रोलर सर्रास चालतात. सिलिकॉन कार्बाइडचे प्रसरण तर या धातूच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, त्यामुळे वाकण्याचा प्रश्नच उरला नसता. परंतु येथे ४५० किलोचा ट्रे साखळीच्या होइस्टने दारात टेकवला जातो आणि तो कधी कधी आपटतो. ठिसूळ रोलर अशा धक्क्याला टिकत नाही. ट्रे ठेवण्याची पद्धत बदलली नाही तोवर हा पर्याय बाजूला ठेवणेच योग्य होते.

नव्या रेखाटनातील बदल

अंगाची लांबी १,५०० वरून १,१०० मिमी केली. त्यामुळे वेल्ड भिंतीतून निघून भट्टीच्या आत, आतल्या तोंडापासून ५० मिमीवर आला. तेथे तापमान जास्त आहे, पण ते जोडाच्या दोन्ही अंगांना सारखे आहे. आणि वाकवणारा घूर्ण मध्यभागाच्या सुमारे दोन-तृतीयांशच आहे. टोकाची जाडी जोडापाशी अंगाइतकी, १२ मिमी, ठेवून ती पुढे हळूहळू वाढवत नेली. जोडाखालची आधार-कडी काढून टाकली; पहिला थर टिग पद्धतीच्या वेल्डिंगने घेऊन मुळापर्यंत भरायचा, २५-३५ जातीचे फिलर (वेल्डमध्ये भरायचा धातू) वापरायचे आणि दोन थरांच्या मध्ये जोड हात लावण्याइतका निवू द्यायचा, असे लिहून दिले. वाकलेल्या रोलरांची टोके कापून नव्या अंगांना लावू नयेत, हेही स्पष्ट लिहिले, कारण सिग्माने ठिसूळ झालेल्या जुन्या ओतिवावर वेल्ड केले की वेल्डशेजारी लगेच तडा जातो.

केंद्रोत्सारी ओतकामात जड धातू बाहेर फेकला जातो आणि मळी व पोकळ्या आतल्या पृष्ठाकडे जमतात. म्हणून वेल्डच्या तोंडापाशी आतला काही थर लेथवर काढून शुद्ध धातू उघडा करून घ्यायचा, अशी सूचना दिली.

अंगाच्या पोकळीतून किरणांच्या रूपाने उष्णता थेट शाफ्टकडे जाते. ती अडवण्यासाठी टोकाच्या सुरुवातीला पातळ आडवा पडदा बसवून त्याच्या मागे सिरॅमिक फायबर भरले. बंद पोकळीतील हवा ९३० अंशांना सुमारे चौपट दाब घेते, आणि फायबर ओले असेल तर वाफेमुळे दाब त्याहून वाढतो; म्हणून शाफ्टच्या मध्यातून ६ मिमीचे श्वासछिद्र ठेवले. हे छिद्र बुजवू नये, अशी सूचना रेखाटनावर ठळक अक्षरांत छापली.

मोकळ्या बाजूचा प्लमर ब्लॉक काढून टाकला. तिथे शाफ्ट आता दोन लहान चाकांवर टेकतो आणि त्यांवरून लांबीच्या दिशेने सरकतो. आवळायला बोल्टच उरला नाही. शिवाय भट्टी पूर्ण थंड न करता एखादा रोलर बाहेर ओढून दुसरा घालणेही या रचनेत सोपे जाते. चालनेच्या बाजूच्या बेअरिंगांसमोर, भट्टीच्या पत्र्यापासून थोडे अंतर सोडून, पातळ पत्र्याची ढाल लावली, कारण मे महिन्यात शेडमधील हवाच पन्नास अंशांच्या घरात जाते आणि साध्या लिथियम ग्रीसला दीर्घकाळ सोसणारी मर्यादा १२० अंशांच्या आसपासच असते.

वीज गेल्यावर

सर्वांत महत्त्वाचा बदल रोलरच्या बाहेरचा होता. कारखान्यात डिझेल जनरेटर होता आणि वीज गेल्यावर तो लवकर चालूही होत असे, तरीही रोलर बराच वेळ उभे राहत. याचे कारण पॅनेलच्या क्रमात होते. वीज परत आली की आधी ब्लोअर सुरू होऊन भट्टीतील उरलेला वायू बाहेर काढला जाई, मग बर्नर पेटत आणि ते स्थिर झाल्यावरच रोलरच्या मोटरला परवानगी मिळे. वायू बाहेर काढण्याचा क्रम सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहे आणि त्याला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. पण रोलरच्या मोटरला त्या क्रमात गुंतवण्याचे काही कारण नव्हते. तिला वेगळे केले. जनरेटरची वीज येताच रोलर फिरू लागतात, बर्नर पेटलेले असोत वा नसोत.

जनरेटरच चालू झाला नाही तर काय, याचाही विचार करावा लागला. पूर्ण भरलेल्या भट्टीत आठ ट्रे आणि चोवीस रोलर मिळून साडेपाच टनांच्या आसपास वजन असते. घर्षणाचा गुणांक सढळपणे ०.०५ धरला आणि रोलरच्या पृष्ठाचा वेग मिनिटाला १ मीटर ठेवला, तर लागणारी शक्ती ४५ वॅट निघते. साखळ्या आणि गिअरबॉक्समधील नुकसान, वाकलेल्या रोलरांची अडवणूक हे सगळे धरूनही पाव अश्वशक्तीची डीसी मोटर पुरते. घरोघरी इन्व्हर्टरला लावतात तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी निम्मी रिकामी होईपर्यंत ही मोटर चार तासांहून अधिक चालवते. मुख्य गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लच देऊन ही मोटर जोडली आणि वीज जाताच ती आपोआप चालू व्हावी अशी योजना केली.

ही मोटर रोलरांना एकाच दिशेने फिरवत नाही, कारण तसे केले तर ट्रे दारावर जाऊन आदळतील. अर्धा फेरा पुढे आणि अर्धा फेरा मागे, मध्ये न थांबता, अशी ती झुलवते. अर्ध्या फेऱ्यात ट्रे २३५ मिमी सरकतो आणि आठ ट्रे मिळून भट्टीत जी जागा उरते ती २४० मिमी आहे. म्हणून उत्पादन कमी न करता हे बसले. अर्ध्या फेऱ्यात वरची बाजू खाली आणि खालची वर येते, आणि वर-खालचा फरक मिटवायला तेवढे पुरते. आप्पांना हे दाखवले तेव्हा त्यांनी एकच मागणी केली: बॅटरी संपली तर हाताने फिरवायला हँडल हवे. ते बसवले आहे आणि ते भिंतीवर खुंटीला टांगलेले असते.

सुट्टीसाठी भट्टी बंद करतानाही रोलर ३०० अंशांच्या खाली जाईपर्यंत फिरते ठेवण्याचा नियम केला. दारे उघडून भट्टी घाईने निववण्याची जुनी सवय मोडायला मात्र वेळ लागला. उत्पादन विभागाचा विरोध समजण्यासारखा होता, कारण दुरुस्तीच्या वेळातून काही तास त्यात जातात.

पुढील उन्हाळ्यानंतरची स्थिती

पुढच्या उन्हाळ्यात वीज पूर्वीसारखीच गेली. बदललेल्या रोलरांपैकी एकाचेही टोक तुटले नाही. भट्टी थंड असताना प्रत्येक रोलर हाताने फिरवून मध्यभागी डायल गेजने (काट्याच्या सूक्ष्म मापकाने) वाक मोजला. मधल्या आणि शेवटच्या भागातील रोलर मर्यादेत होते. ही मर्यादा आम्ही पूर्ण फेऱ्यात १.५ मिमी ठरवली आहे. रंगाच्या रेघा पूर्ण अंतर सरकत असल्याचेही दिसले.

पहिल्या दोन रोलरांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दार उघडले की थंड ट्रे त्यांच्यावर येऊन टेकतो आणि आतल्या ट्रेंची रांग पुढे सरकेपर्यंत तिथेच थांबतो. वीज असतानाही त्यांना हा फरक रोज सोसावा लागतो, म्हणून एचपी धातूचे असूनही त्यांच्यात थोडा वाक आला आहे. यासाठी दोन मार्ग तपासले जात आहेत. पहिल्या तीन रोलरांना स्वतंत्र मोटर देऊन ट्रे वेगाने आत ओढून घेणे हा एक; आणि भट्टीच्या बाहेर जाणाऱ्या धुराने ट्रे आधीच दोन-अडीचशे अंशांपर्यंत तापवणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने गॅसही वाचतो, पण धुराची नळी दाराशी आणण्यासाठी होइस्टची जागा हलवावी लागते. तो आराखडा सध्या कारखान्याच्या विचाराधीन आहे, आणि तोवर या दोन रोलरांचा एक तयार जोड दाराशेजारच्या स्टँडवर ठेवलेला आहे.